जुगारावर लक्ष ठेवणाऱ्यांचा पगार कोण देतं?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, दोन मिनिटांत होईल.

2023 मध्ये माझ्या रूममेटचे अठरा हजार रुपये एका रमी ॲपमध्ये अडकले. पैसे काढता येईनात, चॅटबॉट रोज तेच उत्तर देणार. तक्रार कुठे करायची हे शोधण्यात आमचा अख्खा रविवार गेला. त्याच ऑक्टोबरपासून अशा ॲपमध्ये भरलेल्या पैशांवर 28 टक्के जीएसटी सुरू झाला. तो वैतागून म्हणाला, "कर घ्यायला सरकार आहे, मग माझं ऐकायला कोण आहे?"

2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण कॅसिनो, लॉटरी आहेतच, आणि आपल्या संविधानात जुगार हा राज्यांचा विषय आहे. म्हणून प्रश्न उरतोच: लक्ष ठेवण्याचा खर्च कुठून येतो?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं बघा. 1976 मध्ये तिथल्या मतदारांनी अटलांटिक सिटीत कॅसिनोंना होकार दिला, 1978 मध्ये पहिला कॅसिनो उघडला. तिथे दोन गल्ले वेगळे आहेत.

पहिला गल्ला कराचा. कॅसिनोच्या कमाईवर 8 टक्के कर, आणि तो ज्येष्ठ नागरिक आणि अपंगांच्या योजनांसाठी राखलेला.

दुसरा गल्ला देखरेखीचा, नाव कॅसिनो कंट्रोल फंड. यात लायसन्सची फी येते, दर स्लॉट मशीनमागे वर्षाला 500 डॉलर येतात, आणि कॅसिनो काढणाऱ्याची कुंडली तपासायला जितका खर्च होतो त्याचं बिलही त्याच्याच नावावर फाटतं. म्हणजे तपासणीचा भार सामान्य करदात्यावर नाही.

भारी ना? पण यात एक बग आहे. आमच्याकडे टेस्टिंग टीमचा पगार डेव्हलपरच्या खिशातून निघाला असता तर? 2014 मध्ये अटलांटिक सिटीतले 12 पैकी 4 कॅसिनो एकाच वर्षात बंद पडले. फी भरणारेच कमी झाले की हा गल्लाही आटतो.

मग सगळा खर्च राज्याच्या तिजोरीतून करायचा का? तर दरवर्षी रस्ते, शाळा, दवाखान्यांशी स्पर्धा. आणि बजेटमध्ये कात्री लागली की इन्स्पेक्टरची जागा रिकामी. मला तरी पहिली पद्धत बरी वाटते, फक्त ती फी कायद्यात बांधलेली हवी, कॅसिनोवाल्यांच्या मर्जीवर नको.

गंमत म्हणजे महाराष्ट्रानेही 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही, 2023 मध्ये रद्द झाला. उद्या पुन्हा कोणी "महसूल मिळेल" म्हणालं, तर एवढंच विचारा: महसूल कळला, देखरेखीला किती ठेवलेत?

रूममेटचे पैसे? नाही आले. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!