घरची सुतारी : हत्यारे थोडी, धार पक्की



खुरपणीच्या ऐन गर्दीत कुदळीचा दांडा मोडतो, गव्हाणीची फळी निखळते, आणि सुतार कुठेतरी शहरात फर्निचरच्या कामावर गेलेला असतो. बलुत्याची पद्धत मागे पडली, तसा हाकेला धावून येणारा सुतारही गावात विरळाच राहिला. अशी किरकोळ कामे घरीच करता आली तर दिवस वाचतो. पण त्यासाठी आपण बाजारातून जे यंत्र सगळ्यात आधी आणतो, तेच नेमके बोटांवर उठते.

ते यंत्र म्हणजे ग्राइंडर. त्याचे काम लोखंड कापण्याचे नि घासण्याचे. त्यालाच लाकूड कापायची दातेरी चकती लावून फांद्या-फळ्या कापायची रीत पडली आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. मध्ये गाठ लागली, किंवा फळी वाकून काप मिटला, की दाते अडकतात आणि सगळे यंत्र उसळून अंगावर येते. हात मागे घ्यायला सवडच मिळत नाही. त्यातून मोठी चकती बसावी म्हणून पुष्कळजण वरचा गार्डच काढून ठेवतात! तेव्हा आमचे सांगणे स्पष्ट आहे : लाकडाला ग्राइंडर लावू नका. यंत्राची करवत हवीच असेल, तर लाकडासाठीच बनवलेली आणि गार्ड शाबूत असलेली घ्यावी.

खरे तर घरच्या कामाला हातहत्यारे पुरतात. एक करवत, अर्धा आणि एक इंची अशा दोन पटाश्या, एक रंधा, वाकस, लाकडी मोगरी, हातोडी, गुण्या, भोके पाडायला गिरमिट आणि धारेला निसणा. याहून जास्त एकदम घेऊ नये. या हत्यारांइतकीच गरज आहे ती न हलणाऱ्या बाकाची. जाड फळीला चार भक्कम पाय, आणि लाकूड आवळायला दोन जी-क्लॅम्प. आपण लाकूड डाव्या हाताने धरतो आणि उजव्या हाताने पटाशी रेटतो, तिथेच पटाशी निसटून तळहातात घुसते. लाकूड क्लॅम्पने धरावे, दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवावेत. वाकसाने तासताना लाकूड ठोकळ्यावर घ्यावे. पायाने दाबून तासू नये.

बोथट हत्यार कमी लागते असा पुष्कळांचा समज आहे. उलट आहे. धार नसली की जोर जास्त लावावा लागतो, आणि जोराने निसटलेले हत्यार आवरत नाही. काम सुरू करण्यापूर्वी निसण्यावर दोन थेंब तेल टाकून पाते फिरवून घ्यावे. धारेच्या दगडी चाकावर धार लावायची तर पाते सारखे पाण्यात बुडवावे. निळे पडले की पोलादाचे पाणी उतरले. मग ती धार टिकत नाही.

दांड्याला बाभूळ उत्तम. मात्र वरचे पांढरे लाकूड किडते, आतले तांबूस टिकते. रेषा सरळ असलेला, बिनगाठीचा तुकडा निवडून सावलीत वाळवावा. ओल्या लाकडाचा दांडा वाळल्यावर सैल होतो, आणि कुदळीचे पाते उडून शेजारच्याला लागते.

काम गोठ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून दूर करावे. ग्राइंडरची ठिणगी भुश्यात पडली तर लगेच दिसत नाही, आत धुमसत राहते. उपरणे, पदर, हातातले कडे, मोकळी बाही यंत्राजवळ नको. यंत्र चालवताना हातमोजेही नकोत, ते ओढले जातात. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच. आणि एक गोष्ट आपल्याकडे विशेष : काम चालू असताना लाइट गेली, तर आधी यंत्राचा खटका बंद करून पिन काढावी. नाहीतर लाइट येते आणि खाली ठेवलेले यंत्र आपोआप फिरू लागते.

इतके करूनही घाव झालाच, तर हळद, चुना, राख काही भरू नये. स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात वर धरावा आणि दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे तिथे विचारावे. बोट तुटले असेल, तर ते फेकू नये. ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट उघडे बर्फावर ठेवले तर ते गोठून वाया जाते. १०८ ला फोन करून बोट तुटल्याचे आधीच सांगावे, म्हणजे ते जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयाची चौकशी वेळेवर होते.