डबी जुनी, कारभार नवा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

वरळी कोळीवाड्यात गोल्फादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या एका गल्लीत माझ्या ओळखीचं कुटुंब राहतं. खाली आजी, वरच्या मजल्यावर मुलगा, सून आणि बारावीतला नातू. इंटरनेटची जोडणी बदलली, नवी डबी आली, ती खालच्या खोलीत भिंतीवर बसली. जुना वाय-फाय राउटर माळ्यावर गेला. आता अडचण अशी, की मधल्या लादीमुळे वरच्या खोलीत सिग्नल पोचेना. नातवाचा अभ्यास वर आणि वाय-फाय खाली! त्यानं माळ्यावरची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "काका, ही चालते. पण कंपनीनं हिच्याकडे बघणं सोडलंय. वापरायची का भंगारात द्यायची?"

प्रश्न चांगला होता. अशा किती तरी डब्या आपल्या घरांत माळ्यावर, टीव्हीमागे, कपाटावर पडून आहेत.

डबीचे चार स्क्रू काढले, की आत तळहाताएवढा एक हिरवा बोर्ड दिसतो. त्यावर एक प्रोसेसर, थोडी रॅम आणि फ्लॅश नावाची एक कायमची स्मृती असते. म्हणजे पडदा आणि कळफलक नसलेला हा एक लहानसा संगणकच. त्या फ्लॅशमध्ये जो प्रोग्रॅम भरलेला असतो त्याला फर्मवेअर म्हणतात. कोणाला आत घ्यायचं, कोणाचा निरोप कोणाकडे पोचवायचा, पासवर्ड तपासायचा, हे सगळं तो करतो. कोळीवाड्यात हे समजावणं सोपं गेलं. होडी तीच ठेवून मशीन बदलतात, तसा बोर्ड तोच ठेवून फर्मवेअर बदलता येतं. मात्र कोणत्या होडीला कोणतं मशीन बसतं हे आधी पाहावं लागतं.

बदलायचं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये चुका निघतात. त्या दुरुस्त करून कंपनी नवी आवृत्ती देते. काही वर्षांनी त्या मॉडेलची विक्री थांबते आणि दुरुस्त्याही थांबतात. डबी मात्र रात्रंदिवस चालू असते, आणि तिच्यातली उघडी राहिलेली फट जगभर माहीत झालेली असते. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा एक घातक प्रोग्रॅम उघडकीस आला. ५४ देशांतल्या किमान पाच लाख राउटरांत आणि तत्सम यंत्रांत तो शिरला होता. डबी बंद करून पुन्हा सुरू केली, तरी त्याचा एक भाग आत टिकून राहत असे. बहुतेक घरमालकांना याची गंधवार्ताही नव्हती, कारण नेट व्यवस्थित चालू होतं.

आता हे परक्या कंपनीच्या डबीत आपलं फर्मवेअर घालण्याचं प्रकरण सुरू कसं झालं, ते ऐकण्याजोगं आहे. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या लिंक्सिस कंपनीनं डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. दोन अँटेना, स्वस्त, खपही भरपूर. जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लास यांनी जाहीरपणे दाखवून दिलं, की या राउटरमधलं फर्मवेअर लिनक्सवर उभं आहे. लिनक्स फुकट वापरता येतं, पण त्याला जीपीएल नावाच्या परवान्याची अट आहे. त्यातला प्रोग्रॅम घेऊन तुम्ही वस्तू विकलीत, तर त्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, घेणाऱ्याला द्यायला हवा. लिंक्सिसनं तो दिला नव्हता. तोवर लिंक्सिस ही कंपनी सिस्कोनं विकत घेतली होती. म्हणजे वादाचं ओझं एका बलाढ्य कंपनीच्या डोक्यावर आलं. त्याच वर्षी त्यांनी सोर्स कोड खुला केला.

मग काय, हौशी लोक त्यावर तुटून पडले. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. नावातलं 'डब्ल्यूआरटी' त्या निळ्या डबीचंच. पुढे डीडी-डब्ल्यूआरटीसारखे भाऊबंदही निघाले. कंपनीनं २००५ मध्ये त्याच नावाच्या राउटरची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा लिनक्स काढून दुसरी प्रणाली घातली आणि स्मृती निम्म्यावर आणली. बाहेरून डबी तशीच! लोकांनी कुरकुर केली, तेव्हा जुन्या धर्तीचं लिनक्सवालं मॉडेल 'जीएल' या शेपटासह वेगळं विकायला ठेवलं. खोक्यावरचं नाव एक आणि आतला बोर्ड दुसरा, हा घोळ तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरायला खुला झाला. फेब्रुवारीत हिमाचलातल्या धर्मशाळेत डोंगरउतारावरच्या संस्था एकमेकींना वाय-फायनं जोडायचं काम सुरू झालं. महागडी यंत्रं न घेता बाजारातले साधे राउटर घेऊन, त्यांत हवा तसा बदल करून ते जाळं विणलं गेलं. पुढे 'एअरजल्दी' या नावानं ते ओळखलं गेलं. डोंगरात केबल ओढणं परवडत नव्हतं, तिथे या बदललेल्या डब्यांनी काम भागवलं.

परत कोळीवाड्यात येऊ. पहिलं काम डबीच्या पोटावरचं लेबल वाचण्याचं. तिथे मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरात आवृत्ती लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा आपल्याकडे घरोघर दिसणारा राउटर घ्या. त्याच्या नवव्या आवृत्तीत ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅम, चिप एका कंपनीची. तेराव्या आवृत्तीत चिप दुसऱ्या कंपनीची आणि स्मृती दुप्पट. चौदाव्या आवृत्तीत स्मृती पुन्हा निम्मी! एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात घातलं, तर डबीची वीट होते. या धंद्यातला शब्दच तो आहे. दिवा लागतो किंवा लागतही नाही, बाकी काही नाही. आमच्या डबीचं लेबल समुद्राच्या दमट हवेनं पुसट झालं होतं. मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकं धरून ते वाचलं. मग ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तंतोतंत तेच मॉडेल आणि तीच आवृत्ती आहे ना, हे दोघांनी वेगवेगळं तपासलं.

या यादीत दोन तऱ्हेच्या फाइली असतात. 'फॅक्टरी' म्हणजे कंपनीचं फर्मवेअर असताना पहिल्यांदा घालायची, आणि 'सिसअपग्रेड' म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी आधीच असताना पुढची आवृत्ती चढवायची. पहिल्या वेळेला फॅक्टरी. फाइल उतरवल्यावर तिचा ठसा, म्हणजे एक लांबलचक आकडी खूण असते, ती जुळवून पाहावी. अर्धवट उतरलेली फाइल इथेच पकडली जाते. घरातला एकमेव राउटर बदलत असाल, तर आणखी एक गोष्ट. तुमच्या केबलवाल्यानं जोडणीसाठी दिलेलं नाव आणि पासवर्ड जुन्या डबीत असतात. ते आधी कागदावर उतरवून घ्या. नाहीतर फर्मवेअर बदलेल, पण नेट सुरू होणार नाही, आणि मदत शोधायलाही नेट नाही.

मग संगणक आणि राउटर केबलनं जोडायचे. वाय-फायवरून हे काम करू नये, कारण मध्येच जोडणी तुटते. राउटरच्या स्वतःच्या पानावर 'फर्मवेअर अपग्रेड' अशी जागा असते, तिथे फाइल द्यायची आणि हात जोडून बसायचं. चार-पाच मिनिटं. या वेळात वीज जाता कामा नये.

आमच्याकडे वीज गेली नाही. आजींना वाटण वाटायचं होतं, म्हणून त्यांनी प्लग काढून मिक्सर लावला. "मला काय ठाऊक त्या डबीत काय चाललंय!" त्यांचं काही चुकलं नाही. एक्स्टेंशन बोर्ड एकच, आणि आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नव्हतं. पुन्हा वीज दिली, तेव्हा एकच दिवा लुकलुकत राहिला. पानही उघडेना. नातवाचा चेहरा पडला.

इथे बोर्डाची रचना कामाला येते. फ्लॅशच्या अगदी सुरुवातीला बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. वीज आली, की पहिला तो जागा होतो आणि मुख्य फर्मवेअरला उठवतो. नेहमीच्या अपग्रेडमध्ये सहसा या भागाला हात लागत नाही. त्यामुळे मुख्य फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलं, तरी हा राखणदार शाबूत असतो. अनेक राउटरांत अशी सोय आहे, की रीसेटचं बटण दाबून धरत वीज दिली, तर बूटलोडर केबलवरून एका ठरावीक पत्त्याच्या संगणकाकडे ठरावीक नावाची फाइल मागतो. टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीनं. आपण संगणकाला तो पत्ता द्यायचा, फाइलला ते नाव द्यायचं आणि वाट पाहायची. कोणत्या मॉडेलला कोणता पत्ता, हे त्याच्या माहितीत दिलेलं असतं.

पहिल्या दोन प्रयत्नांत काही झालं नाही. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, की संगणकाचं फायरवॉल त्या मागणीला दारातूनच परत पाठवत होतं. ते तेवढ्यापुरतं बंद केलं, आणि फाइल सरकन गेली. या उपायानंही डबी उठली नसती, तर बोर्डावर ओळीनं असलेली चार बारीक भोकं शोधावी लागली असती. तिथे तारा डागून बोर्डाशी थेट बोलता येतं. पण तिथे बहुधा ३.३ व्होल्ट चालतात, ५ व्होल्ट दिले तर बोर्ड जळू शकतो. ज्याला डाग देण्याची सवय नाही, त्यानं त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

डबी सुरू झाली, तरी नातू घाबरलाच. "काका, वाय-फायचं नाव दिसत नाही!" ओपनडब्ल्यूआरटी नव्यानं घातलं, की वाय-फाय साधारणतः बंदच असतं, आणि व्यवस्थापकाचा पासवर्डही ठेवलेला नसतो. केबलनंच आत जायचं, १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडायचा, आधी पासवर्ड ठेवायचा, देश म्हणून भारत निवडायचा आणि मग वाय-फायला कुलूप लावून ते चालू करायचं. हे ठाऊक नसल्यानं डबी मेली, असं समजून लोक ती टाकून देतात.

आमची डबी जुनी, फ्लॅश अवघी चार मेगाबाइट. ओपनडब्ल्यूआरटीच्या अलीकडच्या आवृत्त्या एवढ्याशा जागेत मावत नाहीत. म्हणून तिच्यात त्यांची एक जुनी आवृत्ती घालावी लागली, आणि जुन्या आवृत्तीच्याही दुरुस्त्या थांबलेल्याच असतात. अशी डबी थेट इंटरनेटच्या तोंडावर बसवू नये. ते काम खालच्या नव्या डबीकडे ठेवलं. खालून वर एक केबल नेली आणि जुन्या डबीला फक्त वाय-फाय पसरवण्याचं काम दिलं. तिचा स्वतःचा पत्ता बदलला आणि घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं तिचं काम बंद केलं, कारण एका घरात पत्ते वाटणारा एकच असलेला बरा. भिंतीवरच्या नव्या डबीला आम्ही हात लावला नाही. ती जोडणी देणाऱ्यांच्या मालकीची आहे.

मग एक मजेची गोष्ट पाहिली. ओपनडब्ल्यूआरटीत आसपासची वाय-फाय कोणत्या चॅनेलवर आहेत, ते दिसतं. वरच्या खोलीतून तीसेक नावं दिसली. कोळीवाड्यात घराला घर लागून, भिंतीपलीकडे शेजाऱ्याची डबी. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये १३ चॅनेल आहेत, पण शेजारशेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. एकमेकांना न खेटणारे तीनच धरायचे, १, ६ आणि ११. शेजारची एक डबी ३ वर होती, म्हणजे ती १ लाही त्रास देत होती आणि ६ लाही. आम्ही ११ घेतला. नातवाचं म्हणणं, ताकद पूर्ण वाढवू. मी त्याला मासळी बाजाराची आठवण दिली. सगळ्याच जणी ओरडायला लागल्या, की गिऱ्हाइकाला कोणाचाच भाव ऐकू येत नाही. ताकद कमी केली. एका खोलीपुरतं तेवढं पुष्कळ होतं. देशाच्या यादीत दुसराच देश निवडून जास्त ताकद मिळवण्याची युक्ती काही मुलं करतात. ती बेकायदा आहे आणि वाय-फायलाही तिचा उपयोग नाही. डबी मोठ्यानं बोलली, तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो.

मोठी स्मृती असलेला राउटर असता, तर मी आणखी एक सोय चालू केली असती. घरात कोणी व्हिडिओ वर चढवत असेल, तर दुसऱ्याचं बोलणं तुटतं. त्याचं कारण बरेचदा वेग कमी असणं हे नसतं. डबीत निरोपांची भलीमोठी रांग साचते आणि बोलण्याचे बारीक तुकडे तिच्या शेपटाला उभे राहतात. ओपनडब्ल्यूआरटीत रांग आखूड ठेवून सर्वांना आळीपाळीनं सोडणारी व्यवस्था आहे, पण तिला प्रोसेसर दणकट लागतो.

ज्यांना नवा बोर्ड घेऊनच शिकायचं आहे, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकल्पानं स्वतःचाच 'ओपनडब्ल्यूआरटी वन' हा राउटर काढला. त्यात दोन वेगवेगळ्या फ्लॅश आहेत. एकीतलं बिघडलं, तर बटण सरकवून दुसरीवरून उठवायचं. मिक्सरचं भय नाही!

त्या घरातली डबी आता वरच्या खोलीत, खिडकीपासून दूर, कपाटाच्या बाजूला टांगली आहे. खारी हवा प्लगच्या पिना लवकर खाते, म्हणून ती जागा निवडली. पुसट लेबलावर नातवानं मार्करनं मॉडेल, आवृत्ती आणि फर्मवेअर घातल्याची तारीख लिहिली. एक्स्टेंशन बोर्ड मात्र आणखी एक आणायचा राहिला आहे.