घरच्या आठवणींचें स्थलांतर

संग्रह करणें सोपें. संग्रहाचें रक्षण करणें त्याहून कठीण. आणि भरलेल्या पात्रांतील वस्तु दुसऱ्या मोठ्या पात्रांत जशीच्या तशी उतरविणें हें सर्वांत कठीण होय. माझी आई लोणच्याची बरणी बदली तेव्हां नवी बरणी झिरपत नाहीं हें आधीं पाणी भरून पाही, मग ती उन्हांत वाळवी, आणि शेवटची फोड नव्या बरणींत गेल्याची खात्री होईपर्यंत जुनी बरणी कोणास विसळूं देत नसे. हा नियम मीं जन्मभर डोळ्यांनीं पाहिला, आणि साठी उलटल्यावर नेमका नको त्या वेळीं विसरलों. त्याची हकीकत सांगितल्यास वाचकांच्या घरचें कांहीं वांचेल, या आशेनें हा लेख लिहीत आहें.

सात रस्त्यावरील आमच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. आईच्या अखेरच्या चातुर्मासांत माझ्या पुतण्यानें तिच्या जात्यावरच्या ओव्या व कहाण्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या. असे एकंदर अकरा तुकडे. १६ गिगाबाइटच्या एका मेमरी कार्डावर हे तुकडे, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें आणि सिद्धेश्वराच्या यात्रेंतील सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीचीं चलच्चित्रें एकत्र सांठविलेलीं होतीं. गेल्या संक्रांतीच्या सुमारास तें कार्ड भरलें. बाजारांत १२८ गिगाबाइटचें कार्ड फारच स्वस्त मिळालें, तें मीं मोठ्या हौसेनें आणिलें. नातवाकडून 'कट' आणि 'पेस्ट' हे दोन शब्द शिकलों होतों. त्यांच्या बळावर सर्व कांहीं नव्या कार्डावर हलविलें, आणि जुनें कार्ड मुलांच्या स्वाधीन केलें. सायंकाळीं वहिनींनीं सासूबाईंची कहाणी लावण्यास सांगितलें. पाहतों तों यादींत नांवें सर्व. परंतु पहिल्या कांहीं छायाचित्रांखेरीज एकही वस्तु उघडेना! नाम होतें, रूप नव्हतें.

पुतणी संगणकाचें शिक्षण घेतलेली. ती म्हणाली, "काका, 'कट' कशाला केलंत? 'कॉपी' करायचं होतं. आणि हें कार्ड मुळांत एवढं मोठं नाहींच!"

बनावट कार्डांत अशी लबाडी केलेली असते कीं, आंत जागा आठ गिगाबाइटची असली तरी तें संगणकास १२८ सांगतें. खरी जागा संपल्यावर पुढचें लिखाण एकतर मागच्यावर पडतें किंवा हवेंत विरतें. यादी मात्र भरत जाते. सुदैवानें जुन्या कार्डावरून वस्तु 'पुसली' म्हणजे केवळ अनुक्रमणिकेंतील तिचें नांव खोडलें जातें. मूळ मजकूर त्यावर नवें लिहिलें जाईपर्यंत तसाच राहतो. पुतणीनें 'फोटोरेक' नांवाच्या विनामूल्य साधनानें बहुतेक सर्व परत मिळविलें. परंतु त्या दुपारीं मुलांनीं त्याच कार्डावर नवीं छायाचित्रें काढलीं होतीं. अकरांपैकीं दोन तुकडे त्यांच्याखालीं गेले ते गेलेच. म्हणून पहिला धडा हा कीं, चुकून कांहीं पुसलें गेल्यास त्या कार्डास त्याच क्षणीं बाजूस काढावें.

आतां मोठें कार्ड घेतांना काय पाहावें? कार्ड खात्रीच्या दुकानांतून घ्यावें, आणि 'एचटूटेस्टडब्ल्यू' किंवा 'एफथ्री' यांसारख्या साधनानें तें काठोकाठ भरून व पुन्हां वाचून तपासावें. आईची पाणी भरून पाहण्याची रीत ती हीच. दुसरें असें कीं, ३२ गिगाबाइटपर्यंतचीं कार्डें 'एसडीएचसी' जातीचीं, व त्यापुढील २ टेराबाइटपर्यंतचीं, २००९ सालीं निघालेलीं, 'एसडीएक्ससी' जातीचीं असतात. जुना कॅमेरा ही दुसरी जात पुष्कळदां ओळखीत नाहीं. तेव्हां आपलें यंत्र काय वाचूं शकतें हें आधीं पाहून घ्यावें. तिसरें, मोबाइलनें कार्ड आपल्या अंतर्गत सांठ्यांत सामील करून घेतलें असल्यास त्यावरील लिखाण कूटलिपींत असतें. तें अन्य यंत्रांत वाचतां येत नाहीं. अशा वेळीं मोबाइलच्या मांडणींतूनच स्थलांतर करावें.

त्वरेविषयीं बोलावयाचें तर नळाचा प्रवाह त्याच्या सर्वांत अरुंद भागावर ठरतो, हें लक्षांत ठेवावें. जुन्या 'यूएसबी २' जोडणींतून व्यवहारांत सेकंदास तीस-चाळीस मेगाबाइटच जातात. 'यूएसबी ३' ची खोबण, जी बहुधा निळी असते, ती कितीतरी अधिक वेग देते. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा त्याहून कमी. '१०' हा वर्ग म्हणजे सेकंदास किमान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी, आणि 'व्ही ३०' म्हणजे ३० ची. आमच्याकडील १४ गिगाबाइट मजकूर पहिल्या वेगानें लिहावयास सुमारें तेवीस मिनिटें लागतील, दुसऱ्यानें आठ. एकाच वाचकयंत्रांत आळीपाळीनें दोन्ही कार्डें घालण्यापेक्षां दोन वाचकयंत्रें दोन खोबणींत लावावीं. तें नसेल तर सर्व मजकूर प्रथम संगणकावर घ्यावा व तेथून नव्या कार्डावर उतरवावा. हा मार्ग दुहेरी दिसतो खरा, परंतु यांत एक प्रत संगणकावर आपोआप राहते, हा लाभ थोडा नव्हे. मोबाइल तारेनें जोडून नक्कल करणें मंद असतें. आणि छायाचित्रें व्हॉट्सॲपवरून पाठविलीं तर तीं सामान्यतः आक्रसून, गुण गमावून पोहोंचतात.

हजारों लहान छायाचित्रांना एका मोठ्या चलच्चित्रापेक्षां अधिक वेळ लागतो, याचें कित्येकांस नवल वाटतें. शाळेंत चाळीस मुलें दाखल करावयाचीं तर प्रत्येकाचें नांव पटावर स्वतंत्र चढवावें लागतें, तसेंच हें. अशा वेळीं उतावीळ होऊन कार्ड उपसूं नये. 'इजेक्ट' ची आज्ञा देऊन मगच काढावें, कारण पडद्यावर काम संपलेलें दिसलें तरी आंत लिहिणें चालू असूं शकतें.

यापुढील पायरी ताडून पाहण्याची. आपले जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या लिहीत. ३२ अक्षरांचा एक ग्रंथ, या मापानें नकल पुरी झाली कीं नाहीं हें कळे. त्याप्रमाणेंच दोन्ही कार्डांवरील वस्तूंची संख्या व एकूण बाइट मोजावेत. मात्र माझ्या बनावट कार्डावर संख्या बरोबरच होती! केवळ मोजणी पुरत नाहीं. नाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण केली. हीं कार्यें पानें मोजून नव्हे, पाठ ताडून झालीं. संगणकांत प्रत्येक वस्तूच्या मजकुरावरून 'चेकसम' नांवाची एक खूण काढतां येते. दोन्हीकडील खुणा जुळल्या म्हणजे पाठ जुळला. तत्पूर्वीं कार्ड काढून पुन्हां घालावें, नाहींतर संगणक आपल्या ताज्या स्मरणांतूनच उत्तर देण्याचा संभव असतो. एवढें झाल्यावरच जुनें कार्ड पुसण्याचा विचार करावा.

आणि मोठें कार्ड म्हणजे अक्षय्य पात्र नव्हे. त्यांतील अक्षरें सूक्ष्म विद्युद्भाराच्या रूपानें असतात. तो भार वर्षानुवर्षें पडून राहिल्यास हळूहळू झिरपतो. ज्या पोथीची एकच प्रत असे ती एका पुरांत वा आगींत नष्ट होई. घरच्या आठवणींचीही तीच गत. निदान दोन प्रती दोन निराळ्या जागीं असाव्यात. आमच्याकडे आतां एक प्रत कार्डावर, दुसरी संगणकाच्या बाहेरच्या चकतीवर, आणि तिसरी परगांवीं राहणाऱ्या पुतण्याच्या घरीं आहे.

राहिले ते दोन गेलेले तुकडे. त्यांतील एक शुक्रवारची कहाणी होती. येत्या श्रावणाची वाट न पाहतां वहिनींनीं ती एके दुपारीं आम्हां सर्वांसमोर सांगितली, आणि पुतणीनें ती मुद्रित केली. आवाज आईचा नव्हे. परंतु जेथें आई थांबे तेथेंच वहिनीही थांबल्या. तीस वर्षें एका स्वयंपाकघरांत ऐकून ती प्रत त्यांच्यापाशीं उतरली होती. दुसऱ्या तुकड्यांतील ओव्या मात्र कोणासच सबंध आठवत नाहींत.