जिचेही पाय लटपटले होते

वर्धा जिल्ह्यात बचत गटांच्या बायकांना प्रशिक्षण देणं हे माझं काम. गटाचा हिशेब, कर्जाची परतफेड, बँकेचं लिंकेज हे सगळं थोडं चिकाटीनं शिकवता येतं. खरा कस लागतो तो बाईला ग्रामसभेत उभं करताना. घरात, शेतात, गटाच्या बैठकीत खणखणीत बोलणारी बाई पंचायतीच्या सभागृहात दाराशी बसते आणि पदर सावरत सगळं ऐकून घरी जाते. नळाला पाणी का येत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

अशा बायकांसाठी आपण सहसा एखादी मोठी वक्त्री बोलावतो. ती फार सुंदर बोलते. टाळ्या पडतात. नंतर मी बायकांना विचारते, ‘आता तुम्ही बोलाल ना?’ उत्तर ठरलेलं असतं : ‘त्या शिकलेल्या हायेत जी, त्यायचं अलग हाय.’ भाषण आवडलेलं असतं, पण ते दुसऱ्या जगातलं म्हणून आवडलेलं असतं.

याउलट शेजारच्या तालुक्यातली, जुन्या गटातली एखादी बाई येते. साडी यांच्यासारखीच, बोली यांचीच. ती म्हणते, ‘मी पह्यल्यांदा उभी राह्यली तवा माये बी पाय लटलट कापत होते.’ आणि खोलीतलं वातावरणच बदलतं. बायका पुढे सरकतात. मग सासू काय म्हणाली? घरचा माणूस रागावला का? सरपंचानं मधेच थांबवलं तर काय केलंस? प्रश्न संपतच नाहीत. बचत गटांसाठीच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानातली वर्धिनीची कल्पना याच अनुभवावर उभी आहे. गटातून पुढे आलेली बाई दुसऱ्या गावात काही दिवस मुक्काम करते, स्वतःची गोष्ट सांगते आणि नवे गट बांधते. त्या मुक्कामात ती कशी बसते, कशी बोलते, कुणापुढे कसा आवाज लावते, हेही गावातल्या बायका पाहत असतात.

असं का होतं, याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला अल्बर्ट बांडुरा यांच्या कामात मिळालं. हे मानसशास्त्रज्ञ मूळचे कॅनडातले, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत असत. 1967मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याला घाबरणाऱ्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. त्यांच्याच वयाचा एक मुलगा कुत्र्याशी खेळताना त्यांना दाखवला. पहिल्याच दिवशी तो कुत्र्याच्या गळ्यात पडला नाही. आधी लांबून, मग जवळ, मग हात लावून, अशा पायऱ्या चढत गेला. पाहणाऱ्या मुलांची भीती लक्षणीय कमी झाली. पुढे 1971मध्ये डोनाल्ड माइकेनबॉम या मानसशास्त्रज्ञांनी सापाला घाबरणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दाखवली. सुरुवातीपासून निर्धास्त असलेल्या माणसापेक्षा, आधी घाबरणारा आणि मग सावरत पुढे जाणारा माणूस पाहून लोकांना जास्त फायदा झाला.

‘मला हे जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी बांडुरांनी 1977मध्ये केली. त्यात सगळ्यात वरचं स्थान स्वतः करून पाहिलेल्या आणि जमलेल्या कामाला आहे. आपल्यासारख्या माणसाला जमताना पाहणं हा दुसरा मार्ग. इतरांनी दिलेली शाबासकी आणि शरीरात होणारी धडधड यांचाही वाटा असतो, पण नुसत्या शाबासकीवर आलेला विश्वास पहिल्या अपयशात ओसरतो. प्रेरणादायी भाषणांवर मी संस्थांचा पैसा खर्च होऊ देत नाही, त्याचं कारण हेच. तो पैसा बायकांच्या एसटीच्या तिकिटांवर खर्च व्हावा, त्यांनी दुसऱ्या गावची सभा पाहून यावी.

पाहायला पाठवताना मात्र काय पाहायचं ते सांगावं लागतं. नाहीतर त्या एवढंच सांगत परत येतात की ती बाई ‘लय डेरिंगबाज’ आहे. आर्वी तालुक्यातली एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्या गावी मी नव्या गटांना नेते. ती सभेला लवकर येते आणि दुसऱ्या रांगेत, कडेला बसते, म्हणजे उभं राहताना कुणाला ओलांडावं लागत नाही. प्रश्न घरून लिहून आणलेला असतो आणि तो एकच असतो. उभी राहिली की आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगते, मग वॉर्ड, मग प्रश्न. कुणी हसलं तर तिकडे बघत नाही, ग्रामसेवकाकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हणते. खाली बसण्याआधी ‘याची नोंद इतिवृत्तात घ्या’ एवढं म्हणतेच. आदल्या रात्री तिनं तो प्रश्न जावेला म्हणून दाखवलेला असतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तिचा हात आजही थरथरतो, म्हणून ती कागद वहीवर ठेवून धरते. हे तिनं स्वतः दाखवलं तेव्हा नव्या बायकांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती कुठल्याच व्याख्यानानं आली नसती. छाती धडधडते म्हणजे आपण नालायक, असं त्यांना वाटत होतं. धडधडणाऱ्या छातीनंही प्रश्न विचारता येतो, हे त्यांनी पाहिलं.

यातली एकही गोष्ट जन्मजात नाही. प्रत्येक गोष्ट उचलता येते. आवाजाची नक्कल करण्याची गरज नाही. मोठ्यानं बोलणं म्हणजे आत्मविश्वास हा समज आपल्या सभांमध्ये फार पक्का आहे आणि त्यानं मऊ आवाजाच्या कितीतरी हुशार बायका मागे राहिल्या आहेत.

रमाबाई रानडे यांच्याकडे मी याच नजरेनं पाहते. 1873मध्ये अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पती न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवलं, रमाबाईंनी घरातल्या बायकांचा विरोध सोसला. 1882मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाजाच्या सभा सुरू झाल्या. चारचौघांत निर्भयपणे बोलणारी, आपल्याहून थोडीच मोठी बाई रमाबाई रानड्यांना जवळून पाहता आली. पुढे त्या स्वतः जाहीर सभांमध्ये बोलू लागल्या, 1909मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. घरचा गुरू मोठाच होता. तरी सभेत बोलणारी दुसरी बाई डोळ्यांनी दिसणं ही वेगळी गरज होती, असं मला ठामपणे वाटतं.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या मुलींनाही मी हेच सांगते. सगळ्यात वरच्या साहेबांकडे बघू नका. तुमच्या दोन वर्षं आधी लागलेली आणि आता बोलू लागलेली सहकारी गाठा. तिला विचारा, पहिल्यांदा काय झालं होतं, तयारी काय करतेस, अडखळलीस तर काय करतेस. मग त्याच आठवड्यात एक लहानसं वाक्य स्वतः बोला. पाहणं आणि करणं यांत फार दिवस गेले की पाहिलेलं विरतं. म्हणून गटातल्या बायका सभा पाहून गावी परतल्या की मी ग्रामसभेची वाट बघत नाही. आधी बँकेत पैसे काढायची स्लिप स्वतः भरणं, मग गटाच्या बैठकीत ठराव वाचणं, मग महिला सभेत बोलणं. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती या सरावासाठी फार मोलाची आहे. पण कितीतरी गावांत ती फक्त सह्यांपुरती होते.

तिथे दोष बाईच्या आत्मविश्वासाचा नसतो. तिनं धीर करून विचारलेला प्रश्न इतिवृत्तात उतरला नाही किंवा घरी गेल्यावर तिला बोलणी खावी लागली, तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल आणि तिला पाहून आणखी दहा जणी गप्प बसतील. गप्प बसणंही पाहूनच शिकलं जातं. म्हणून आता प्रशिक्षणाचा एक दिवस मी सरपंच, ग्रामसेवक आणि बायकांच्या घरच्या माणसांसाठी ठेवते, आणि महिला सभेचं इतिवृत्त त्याच जागी, सगळ्यांसमोर वाचून दाखवावं असा आग्रह धरते.