चार मिलिमीटर

लोखंडी सायकलचं वय गंजावरून, उडालेल्या मुलाम्यावरून थोडंफार कळतं. कार्बन फायबर गंजत नाही. ओल्या फडक्याने पुसली की पंधरा वर्षांची नळी आणि पस्तीस वर्षांची नळी सारखीच चमकते. सॅन होजेच्या आसपास सेकंडहँड सायकलींच्या जाहिरातींत 'विंटेज कार्बन, 1986' ही ओळ पुन्हा पुन्हा दिसायला लागली, तेव्हा हे साल ठरवतं तरी कोण, हा किडा डोक्यात शिरला. त्याच्या मागे लागून मी स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका शेडमध्ये पोचले. दान आलेल्या सायकली इथे दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येतात. जुन्या कार्बनचा निवाडा मात्र एकच गृहस्थ करतात. सत्तरी ओलांडलेली, नखांत ग्रीस, खिशात पंचवीस सेंटचं नाणं.

मी गेले त्या शनिवारी साताऱ्याचा एक मुलगा तिथे आपली सायकल घेऊन उभा होता. नोकरीला लागून वर्ष झालेलं. माझं मराठी ऐकून त्याचा चेहरा खुलला. "ताई, 1986ची आहे. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलंय. तुम्ही जरा आजोबांना विचारा ना, एवढ्या पैशाला बरोबर आहे का?" आजोबा हे नाव त्यानेच ठेवलेलं. त्या गृहस्थांना त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी मान डोलावून ते स्वीकारलं आणि सायकल उलटी करून स्टँडला लावली.

1986 हे विकणाऱ्यांचं लाडकं साल आहे, आणि त्याला कारण आहे. त्या वर्षी ग्रेग लेमाँड टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला, आणि त्याच्या संघाकडे लुक या फ्रेंच कंपनीच्या कार्बनच्या सायकली होत्या. त्याच वर्षी इथे कॅलिफोर्नियात केस्ट्रेल 4000 आली. वेगवेगळ्या नळ्या न जोडता साच्यातून काढलेली, सबंध कार्बनची, दुकानात विकत मिळणारी पहिली सांगाडी (फ्रेम) म्हणून ती ओळखली जाते. म्हणजे 1986 म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे इतिहास उभा राहतो आणि किंमत आपोआप चढते. आजोबांना या सालाचा राग आहे. "मला भेटलेल्या निम्म्या सायकली 1986च्या असतात," ते म्हणाले, "निदान इथे येईपर्यंत."

सांगाडीची जात बघायला त्यांना मिनिटही लागत नाही. सुरुवातीच्या कार्बन सायकली म्हणजे कार्बनच्या सरळ नळ्या आणि त्या गोंदाने चिकटवलेले धातूचे जोड. एक्सॉन या तेल कंपनीने सत्तरच्या दशकात काढलेली ग्राफटेक त्यातली. फ्रान्सची व्हिटस, इटलीची अ‍ॅलन, तैवानच्या जायंटची केडेक्स, अमेरिकेतली स्पेशलाइज्ड अ‍ॅले एपिक ही मंडळीही त्याच घराण्यातली. पुढे 1992मध्ये ट्रेकने ओसीएलव्ही पद्धत आणली आणि 1994मध्ये कोलनागोने सी-40. त्यांत नळ्याही कार्बनच्या आणि जोडही कार्बनचे. सांगाडीवर सायकलिंगच्या जागतिक संघटनेचं, म्हणजे यूसीआयचं, मान्यतेचं लेबल असेल, तर ती 2011च्या आधीची असूच शकत नाही. ते लेबलच त्या वर्षी सुरू झालं.

साताऱ्याच्या पोराची सायकल पहिल्या घराण्यातली निघाली. काळ्या नळ्या, अ‍ॅल्युमिनियमचे जोड, मागचं चाक धरणारा चिमटाही अ‍ॅल्युमिनियमचा. गिअरच्या कळा खालच्या नळीवर. ब्रेकच्या मुठीत गिअर बसवण्याची सोय शिमानोने 1990मध्ये आपल्या सर्वांत महागड्या संचात दिली, कॅम्पॅग्नोलोची 1992मध्ये आली. स्वस्त सायकलींपर्यंत ती झिरपायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे ऐंशीच्या दशकाची अखेर किंवा नव्वदची सुरुवात, एवढं तर नुसत्या नजरेने झालं.

मग आजोबांनी टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा काढला. शिमानोच्या सुट्या भागांवर मागच्या बाजूला दोन रोमन अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे 1976, बी म्हणजे 1977, असं पुढे. महिनेही जानेवारीपासून तसेच. क्रँकच्या मागचं काळं वंगण खरवडल्यावर 'एन के' दिसलं : नोव्हेंबर 1989. मागच्या ब्रेकवर 'एन एल' : डिसेंबर 1989. साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरवर मात्र 'पी सी' : मार्च 1991. मुलगा गोंधळला. आजोबा नाहीत. एक सुटा भाग कधीही बदललेला असू शकतो, त्यामुळे एकट्या भागाची साक्ष धरायची नाही. दोन-तीन भाग एकमेकांच्या महिन्यादोनमहिन्यांत आले तर ते कारखान्यातून एकत्र निघाले असण्याचा संभव मोठा. म्हणजे 1990 सालचं मॉडेल, आणि डिरेलर नंतर कुणीतरी बदललेला.

माझ्या लेखी प्रश्न इथे सुटला होता. आजोबांच्या लेखी तो सुरू व्हायचा होता. त्यांनी मागचं चाक काढलं आणि चिमट्याच्या दोन टोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं. 126 मिलिमीटर. मग काढलेल्या चाकाचा हब मोजला. 130.

"चार मिलिमीटर," ते म्हणाले. व्हर्नियर फडक्याने पुसून पुन्हा तेच म्हणाले, "चार मिलिमीटर."

त्या काळच्या सहा-सात गिअरच्या रोड सायकलींना मागे 126 मिलिमीटरची जागा असे. आठ गिअर आले तशी ती 130 झाली. लोखंडी सांगाडीचा चिमटा जाणता मेकॅनिक वाकवून तेवढा रुंद करून देतो, लोखंड ते मानतं. गोंदाने चिकटवलेल्या सांगाडीत ही मोकळीक नाही. चिमटा फाकवून नवं चाक दाबून बसवलं, की तो ताण थेट जोडातल्या गोंदावर जातो आणि चाक आत असेपर्यंत तिथेच राहतो. कुणा मधल्या मालकाने नेमकं हेच केलं होतं, आणि सायकल दिसायला अगदी नवी झाली होती.

आता खिशातलं नाणं बाहेर आलं. आजोबा नळीवर हलकेच वाजवत जोडाकडे सरकू लागले. टक्, टक्, टक्. कोरडा, टणक आवाज. पेडलच्या वर, जिथे खालची नळी जोडात शिरते तिथे आवाज बसला. थप्. त्यांनी मागे जाऊन पुन्हा वाजवलं, मग नाणं माझ्या हातात दिलं. माझ्या अननुभवी हातालाही तो फरक कळला. तिथल्या रंगाला बारीक फुगे आले होते. नखाने टोकरल्यावर आतून पांढरी भुकटी निघाली. कार्बनमधून वीज वाहते. तो अ‍ॅल्युमिनियमला टेकला आणि मध्ये घामाचं खारं पाणी मुरलं, की तिथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. हे कळल्यावर कारखानदार दोहोंच्या मध्ये काचतंतूंचा पातळ थर देऊ लागले. कार्बन स्वतः धडधाकट राहतो, त्याला धरून ठेवणारा जोड जातो.

मला आजोबांची बाजू पटते, आणि ती मी लपवत नाही. बाजाराला साल हवं असतं भाव ठरवण्यासाठी. आजोबांना ते हवं असतं, कारण सालावरून गोंद कोणत्या पिढीचा, मध्ये काचेचा थर असण्याची शक्यता किती, चिमट्यात जागा किती, हे कळतं. उतारावर ताशी साठ किलोमीटरने जाताना सायकल अंगाखाली शाबूत राहील का, हा त्यांचा सवाल. सायकल भिंतीवर टांगणाऱ्याला 1986 आणि 1990मध्ये पैशांचा फरक असेल, तिच्यावर बसणाऱ्याला त्या चार मिलिमीटरचा असतो. जाहिरातीत साल ठळक छापलेलं असतं. चिमट्याच्या टोकांमधलं अंतर लिहिणारा विकणारा मला अजून भेटलेला नाही.

"मग हिचं काय करायचं, ताई?" मुलाने विचारलं. त्याने मोजलेले पैसे त्याच्या आवाजात होते. मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, अशा सांगाड्या सोडवून नव्याने चिकटवणारे कारागीर आहेत, पण त्या खर्चात दुसरी सायकल येईल. आणि ते शेडच्या मागे गेले. येताना हातात निळी लोखंडी सांगाडी होती, रंग उडालेली, कंपनीचं नाव पुसलेलं. तिचा चिमटा मोजला : 126. "हिला देता येतात," ते म्हणाले, "चार मिलिमीटर." मुलाचं चाक, क्रँक, ब्रेक, तो 1991चा डिरेलरसुद्धा, सगळं हिच्यावर चढणार होतं.

सांगाडीचे पैसे शेड घेत नाही. त्याऐवजी काही शनिवार येऊन दान आलेल्या लहान मुलांच्या सायकलींची पंक्चरं काढून द्यायची. मी हे त्याला समजावून सांगेपर्यंत मुलाने बाह्या वर केल्या होत्या. "पंक्चर ना? साताऱ्यात मामाच्या दुकानात मी तेच करायचो की," तो म्हणाला, आणि पाण्याची बादली कुठे आहे ते विचारू लागला.