अठरा वर्षांनंतरचे पालकत्व

‘आमच्या पश्चात याचे कसे होईल?’ बौद्धिक दिव्यांग अपत्याच्या माता-पित्यांची ही चिंता वाशीम जिल्ह्यातील घरांनाही परिचित आहे. बालगृहाच्या कायद्यात बालपण १८ व्या वर्षी संपते. परावलंबन मात्र संपत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव देणारे पद्मश्री शंकरबाबा पापळकर याच प्रश्नासाठी कायद्याची मागणी करीत आले आहेत.

निवासगृह उभारणे सोपे, त्यावर देखरेख ठेवणे कठीण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी संस्थांना नोंदणी अनिवार्य केली. कलम ५४ ने शासकीय संस्थांना मात्र तीतून वगळले. तेथे चालक शासन आणि परीक्षकही शासनच.

अशा वेळी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा उपयोगी पडतो. त्यानुसार जिल्हास्तरीय समितीत वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. ही समिती प्रौढ बौद्धिक दिव्यांगासाठी पालक नेमते, त्याच्याकडून मालमत्तेचा हिशेब घेते आणि हयगय करणाऱ्यास दूरही करते. तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावयास हवी.

म्हणून अपत्य अठरा वर्षांचे होताच, स्वतःचे हातपाय चालत असतानाच, पालकांनी समितीकडे अर्ज करावा. पुण्यतिथीनिमित्त निवासगृहात भोजन देणाऱ्या समाजबांधवांनीही तेथे आवर्जून विचारावे : यांचे कायदेशीर पालक कोण? समितीची बैठक केव्हा झाली? अन्नदानाइतकीच ही चौकशीदेखील करुणाच होय.