पान्ह्याची सुई : ऑक्सिटोसिनचा उपयोग व दुरुपयोग

रेडकू दगावले की म्हैस पान्हा चोरते, आणि काही पशुपालक तिला रोज सुई टोचू लागतात. ती सुई बहुधा ऑक्सिटोसिनची असते. हेच औषध प्रसूतिगृहात मातेचे प्राण वाचविते.

ऑक्सिटोसिन हे मूलतः शरीरातच निर्माण होणारे संप्रेरक होय. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसमध्ये ते तयार होते व पोष ग्रंथीच्या मागील भागातून रक्तात सोडले जाते. रेडकाने सड चोखताच ती संवेदना मेंदूस पोहोचते, संप्रेरक रक्तावाटे कासेत येते, आणि दुग्धकोशांभोवतीच्या पेशी आकुंचन पावून दूध खाली उतरते. म्हणजे सुईने दूध वाढत नाही. तयार दूध उतरते, इतकेच. रोज टोचल्याने मात्र जनावरास सुईची सवय जडते व ते आपण होऊन पान्हा सोडीनासे होते.

पोष ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, असे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखविले. नऊ अमिनो अम्लांचे हे संयुग व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत बनविले. त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाळ जन्मताच मातेस १० युनिटे दिल्यास गर्भाशय घट्ट आवळते व रक्तस्राव आवरतो. हे औषध पोटातून देता येत नाही, कारण तेथे ते पचून जाते. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते; फळीवर तापलेली कुपी ऐन वेळी दगा देते. प्रसूतीपूर्वी ते केवळ रुग्णालयात, सलाइनमधून, मोजून व देखरेखीखाली द्यावयाचे असते. कळा लवकर याव्यात म्हणून घरी एकदम सुई टोचणे हा जिवाशी खेळ आहे: गर्भाशय फाटू शकते, बाळाचा प्राणवायू तुटू शकतो.

दूध वाढविण्यासाठी जनावरास अपायकारक सुई टोचणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. केंद्र शासनाने २०१८ साली खाजगी कंपन्यांना देशातील वापरासाठी या औषधाच्या उत्पादनास मनाई केली होती. तथापि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. औषध दुर्मिळ झाल्यास बाळंतिणींचे काय, हा प्रश्न तेथे मुख्य होता.

रेडकू नसलेल्या म्हशीपुढे आंबोण ठेवावे, कास कोमट पाण्याने धुऊन हलके चोळावी, आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसानेच धार काढावी. आरडाओरडा टाळावा, भ्यालेली म्हैस पान्हा सोडीत नाही.